वायरलेस फायरिंग सिस्टीम : आधी अ‍ॅड्रेस, मग वायर

आतषबाजीच्या कार्यक्रमाआधी दुपारची चाचणी चालू होती. नळ्या रिकाम्या होत्या आणि टर्मिनलांना वात विजेने पेटवणाऱ्या इग्नायटरऐवजी १२ व्होल्टचे छोटे बल्ब लावले होते. मी रिमोटवर ७ नंबरच्या मॉड्यूलचा, म्हणजे मैदानातल्या रिसीव्हर-पेटीचा, पाचवा क्यू (जोडणी) दाबला. मैदानाच्या डाव्या टोकाला बल्ब लागला. ठीक. पण त्याच क्षणी माझ्या पाठीमागे, गाडीच्या डिकीत उघड्या पडलेल्या पेटीतून रिलेचा, म्हणजे आतल्या विजेच्या खटक्याचा, 'टक्' असा आवाज आला. जादा म्हणून आणलेलं मॉड्यूल कुणीतरी बॅटरी बघायला चालू केलं होतं आणि तसंच ठेवलं होतं. मागच्या कार्यक्रमातला ७ हा नंबर त्याच्यावर अजून कायम होता. त्याला काही जोडलेलं नव्हतं, म्हणून हसण्यावारी गेलं. रात्री तेच मॉड्यूल बदली म्हणून उजव्या टोकाला लागलं असतं, तर शेवटासाठी राखलेले शेल (नळीतून आकाशात जाऊन फुटणारे गोळे) पहिल्याच कारंज्याबरोबर सुटले असते.

वायर तुटली तर दिसते, टर्मिनल गंजलं तर दिसतं. चुकलेला आकडा मात्र पेटीत निमूट बसून राहतो आणि नेमका कार्यक्रमात बोलतो. म्हणून या लेखात जोडणी सगळी येईल, पण जास्त वेळ मी आकड्यांवर घालवणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळं कारखान्यात बनलेल्या, या कामासाठीच विकल्या जाणाऱ्या सिस्टीमबद्दल आहे. सुटे रिले आणि कुठलातरी रिमोट जोडून केलेल्या जुगाडाबद्दल नाही. त्यात चावी नसते, जोडणी तपासायला सोडलेल्या चाचणीच्या प्रवाहाला मर्यादा नसते आणि बॅटरी लावताक्षणी रिले काय करेल हे कुणी तपासलेलं नसतं. शेल आणि मोठे केक (एकाच खोक्यात बांधलेल्या अनेक नळ्या) उडवायला बहुतेक ठिकाणी परवाना लागतो. तो ज्याच्या नावावर आहे त्याचा शब्द मैदानात शेवटचा.

कोण कोणाशी बोलतं

सिस्टीमचे तुकडे मोजकेच. हातात रिमोट किंवा कंट्रोलर. मैदानात मॉड्यूल, म्हणजे रेडिओ रिसीव्हर, बॅटरी आणि टर्मिनलांची रांग असलेली पेटी. टर्मिनलांची प्रत्येक जोडी म्हणजे एक क्यू. एका मॉड्यूलवर ४ पासून ३२ पर्यंत क्यू असू शकतात. आणि शेवटी, वातीला किंवा मालाला लावलेला इग्नायटर.

तुम्ही बटण दाबता तेव्हा हवेतून 'आग लाव' एवढंच जात नाही. 'अमुक सिस्टीममधल्या, तमुक नंबरच्या मॉड्यूलने, अमुक क्यू सोडावा' असा पूर्ण निरोप जातो. मैदानातलं प्रत्येक मॉड्यूल तो ऐकतं. ज्याचा नंबर, म्हणजेच अ‍ॅड्रेस, जुळतो ते कामाला लागतं, बाकीची गप्प राहतात. वर्गातली हजेरीच म्हणा. एकाच नावाची दोन मुलं असली की दोघं एकदम 'हजर' म्हणतात, आणि एखाद्याचं नाव वहीत चुकीचं लिहिलं असलं की तो समोर बसूनही गैरहजर.

सिस्टीम एकतर्फी आहे की दुतर्फी, हे विकत घेण्याआधी विचारा. एकतर्फीत रिमोट फक्त बोलतो. मॉड्यूलने ऐकलं की नाही, बॅटरी किती उरली, कुठला क्यू तुटलाय, यातलं काहीच त्याला कळत नाही. दुतर्फीत मॉड्यूल उत्तर देतं आणि सगळ्या क्यूंची स्थिती पडद्यावर येते. जमिनीवरच्या चार कारंज्यांना एकतर्फी चालेल. आकाशात जाणारं काही असेल तर मी दुतर्फीशिवाय उभा राहत नाही.

अ‍ॅड्रेस देण्याच्या तऱ्हा

स्वस्त संचांत मॉड्यूलवर एक 'लर्न' बटण असतं. ते दाबायचं, दिवा लागला की रिमोटचं बटण दाबायचं, दिवा लुकलुकून विझला की ओळख पटली. काम सोपं आहे, पण मॉड्यूलची स्मरणशक्ती दांडगी असते. बॅटरी काढली तरी ते विसरत नाही, आणि बऱ्याच संचांत एकाच वेळी अनेक रिमोट लक्षात ठेवतं. कुणाकडून वापरलेला संच घेतलात तर जुन्या मालकाचा रिमोटही त्याला ओळखीचा असतो. त्यामुळे पहिलं काम पुसण्याचं. 'लर्न' बटण काही सेकंद दाबून धरलं की बहुतेक मॉड्यूल सगळं विसरतात. किती सेकंद ते माहितीपुस्तिकेत बघा. पुसल्यावर जुन्याच रिमोटने एकदा दाबून बघा. गप्प राहिलं तरच पुसलं गेलं.

दुसरी तऱ्हा डिप स्विचची, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. छोट्या पांढऱ्या खटक्यांची ही रांग दोनाच्या पटीत मोजते: पहिला खटका १, दुसरा २, तिसरा ४, चौथा ८, पाचवा १६, असं पुढे. आठ खटक्यांत २५६ नंबर बसतात. समजा मॉड्यूलला १३ नंबर द्यायचाय. १३ म्हणजे ८ अधिक ४ अधिक १, म्हणून चौथा, तिसरा आणि पहिला खटका वर, बाकी खाली. इथपर्यंत सरळ आहे. पुढे तीन खड्डे.

काही सिस्टीम शून्यापासून मोजतात. सगळे खटके खाली म्हणजे पडद्यावर १ नंबर. मग पडद्यावर १३ दिसायला खटक्यांवर १२ लावावा लागतो, म्हणजे फक्त चौथा आणि तिसरा वर. याला सोपी परीक्षा आहे. एकच मॉड्यूल घ्या, सगळे खटके खाली करा, चालू करा आणि पडद्यावर कोण हजर झालं ते पाहा.

दुसरा खड्डा पेटी उलटी धरण्याचा. गुडघ्यावर पेटी ठेवून, टॉर्चच्या उजेडात, उलट्या बाजूने खटके मोजले की पहिला आठवा होतो. १३ साठी पहिला, तिसरा, चौथा वर करायचे होते. तुम्ही केलेत आठवा, सहावा, पाचवा. मॉड्यूलच्या मते त्याचा नंबर १७६. ते चालू आहे, दिवा लागलाय, अँटेना ठीक आहे, तरीही पडद्यावर येत नाही, आणि माणसं अर्धा तास अँटेना बदलत बसतात. खटक्यांच्या पट्टीवर 'ऑन' छापलेलं असतं आणि नंबरही. आधी ते वाचता येईल अशी पेटी धरा, मग नख लावा.

तिसरा खड्डा म्हणजे पुष्कळ मॉड्यूल खटके फक्त चालू होताना वाचतात. चालू मॉड्यूलवर नंबर बदललात तर जुनाच नंबर पुढे चालतो. त्यामुळे आधी बंद, मग बदल, मग चालू.

खटक्यांऐवजी गोल फिरता स्विच असला तर त्यावर ० ते ९ आणि पुढे ए ते एफ अशी १६ घरं असतात, ए म्हणजे १० आणि एफ म्हणजे १५. इथे बाणाचं टोक कुठलं आणि शेपूट कुठलं हे नीट बघा. स्क्रू-ड्रायव्हरची खाच दोन्ही बाजूंना सारखीच दिसते. उलटं धरलं की अर्धा फेरा चुकतो, म्हणजे आठ घरं. ३ लावायला जाता आणि लागतो बी, म्हणजे ११.

मोठ्या सिस्टीममध्ये पेटीवरच छोटा पडदा असतो, किंवा नंबर कंट्रोलरमधून पाठवता येतो. हे सगळ्यात सुखाचं. फक्त एक पथ्य पाळा : नंबर पाठवताना एकच मॉड्यूल चालू ठेवा. चार चालू असताना '१२ हो' असा निरोप गेला आणि चौघांनी तो मनावर घेतला, तर चौघंही १२ होतील.

या सगळ्यावर एक आणखी आकडा असतो. कुठे त्याला सिस्टीम आयडी म्हणतात, कुठे नेटवर्क, कुठे ग्रुप. खोक्यातून निघताना बहुतेक संचांचा तो सारखाच असतो. त्याच परिसरात दुसऱ्या चमूकडे त्याच बनावटीचा संच असला, तर तुमचं ५ नंबरचं मॉड्यूल त्यांच्याही रिमोटचं ५ नंबर होतं. हा आकडा पहिल्याच दिवशी बदला. साध्या, ठरावीक कोड पाठवणाऱ्या संचांत तो बदलताच येत नाही, आणि अशा संचावर मी शेल न लावण्याचं हे एक कारण.

नंबरांची वही

मॉड्यूलला हात लावण्याआधी कागद घ्या. मैदानाचा आराखडा काढा, प्रेक्षकांकडून पाहिल्यासारखा. डावं-उजवं कुणाच्या बाजूने हे वर मोठ्या अक्षरात लिहा. मैदानात उभा माणूस प्रेक्षकांकडे तोंड करून असतो आणि त्याचं डावं उलटं असतं.

माझी पद्धत अशी. डावीकडून उजवीकडे पोझिशनना १, २, ३ असे आकडे. मॉड्यूलच्या नंबरातला पहिला आकडा पोझिशनचा, दुसरा त्या पोझिशनवरच्या कितव्या पेटीचा. डाव्या टोकाला दोन पेट्या असतील तर ११ आणि १२. मधोमध तीन असतील तर ३१, ३२, ३३. उजव्या टोकाला ५१, ५२. मधले नंबर रिकामे राहतात, राहू द्यात. रात्री कुणी '४१ येत नाहीये' म्हणालं की वही न उघडता पाय त्या दिशेला वळतात. बदलीच्या मॉड्यूलना ९१, ९२, म्हणजे चालू राहिले तरी कुणाच्या हाकेला ओ देत नाहीत. सिस्टीम ३२ पर्यंतच मोजत असेल तर ही चैन परवडत नाही. मग डावीकडून उजवीकडे सरळ क्रमाने द्या आणि शेवटचे दोन बदलीला राखा.

दोन्ही टोकांना एकाच वेळी सारखं काही उडवायचं असेल तर दोन मॉड्यूलना मुद्दाम एकच नंबर देण्याची जुनी युक्ती आहे. एकतर्फी संचात ती चालते. दुतर्फीत मात्र दोघं एकाच वेळी उत्तर देतात, उत्तरं एकमेकांवर आदळतात आणि पडद्यावरची स्थिती कधी हिरवी कधी लाल होत राहते. त्यातून वाईट म्हणजे, एकाचा क्यू तुटलेला असला तरी दुसऱ्याचं 'ठीक' तेवढं पोचू शकतं. सिस्टीम बनवणाऱ्याने जुळ्या नंबरांची सोय दिलीय असं स्पष्ट लिहिलं नसेल तर वेगळे नंबर द्या आणि दोन्ही क्यू कार्यक्रमातच एका वेळेवर लावा.

वहीत प्रत्येक क्यूची एक ओळ : वेळ, मॉड्यूल, क्यू, माल, नळीचा व्यास, इग्नायटर किती. वेळेच्या रकान्यात बटणाची वेळ लिहा. फुलण्याची वेगळी ठेवा. ७५ मिलिमीटरचा शेल सुटल्यावर फुटायला साधारण अडीच-तीन सेकंद घेतो, मोठा त्याहून जास्त. संगीतावर नाचवायचं असेल तर तेवढं आधी दाबावं लागतं. प्रत्येक मॉड्यूलचा शेवटचा क्यू मी रिकामा सोडतो. एखादं टर्मिनल ऐनवेळी सैल निघतंच.

मग पेट्यांवर चिकटपट्टी लावून नंबर लिहा, एक झाकणावर आणि एक पुढच्या बाजूला. देवनागरीत लिहीत असाल तर १ आणि ९ ठसठशीत वेगळे काढा. घाईतल्या अक्षरात ११ चा १९ व्हायला वेळ लागत नाही.

गोदामातली हजेरी

मैदानात जाण्याच्या आदल्या दिवशी सगळी मॉड्यूल टेबलावर मांडा. एकेक चालू करा, पडद्यावर तोच नंबर आला की वहीत खूण, मग बंद. एकेकच. सगळी एकदम चालू केलीत आणि दहाच्या दहा हजर दिसली, तरी त्यातली कुणी दोन एकमेकांच्या जागी उभी असू शकतात. यानंतर सगळी एकत्र चालू करा आणि मोजा. वहीत दहा असतील आणि पडद्यावर नऊ आली, तर बहुधा दोघांचा नंबर एक झालाय.

बॅटरीचा आकडा मॉड्यूलवर भार असताना बघा. १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरून निवांत असताना १२.६ ते १२.७ दाखवते, पण म्हातारी बॅटरीही निवांत असताना तेवढंच दाखवते आणि प्रवाह ओढला की कोसळते. साध्या सेलवर चालणाऱ्या पेट्यांना प्रत्येक कार्यक्रमाला नवे सेल. त्यात काटकसर करण्यासारखं काही नाही.

मैदानात पेट्या कुठे ठेवायच्या

प्रेक्षकांपासूनचं अंतर आधी ठरतं, पेट्यांची जागा नंतर. अमेरिकेच्या एनएफपीए ११२३ या संहितेत शेलच्या व्यासाच्या प्रत्येक इंचाला ७० फूट असा मूळ हिशेब आहे, म्हणजे ३ इंची शेलला २१० फूट. तुमच्याकडचा नियम वेगळा असेल तर तो पाळा, पण त्याहून कमी अंतरावर मला तरी उभं राहवणार नाही.

पेटी नळ्यांच्या रॅकच्या बाजूला ठेवा, मागे किंवा खाली नको. नळी फुटली तर आधी पेटी जाते. जमिनीवर थेट ठेवू नका. ओली माती आणि गवत रेडिओ खातात, आणि गुडघ्याएवढी उंची दिली तरी सिग्नलमध्ये फरक स्वच्छ दिसतो. लोखंडी रॅकला अँटेना टेकवणं म्हणजे तिच्या कानात बोळा घालणं. रिमोटची अँटेना उभी असेल तर मॉड्यूलचीही उभी हवी. एक उभी आणि एक आडवी असली की बराच सिग्नल वाया जातो.

अँटेना कुठल्या पट्ट्याची आहे हेही बघा. पाव तरंगलांबीची साधी अँटेना ४३३ मेगाहर्ट्झला सुमारे १७ सेंटिमीटर, ८६८ ला साडेआठ, २.४ गिगाहर्ट्झला जेमतेम तीन. स्क्रू तिन्हींचा सारखा असू शकतो, त्यामुळे चुकीची अँटेनाही छान बसते आणि जवळून चालतेही. आमच्याकडे एकदा याहून गमतीदार प्रकार झाला. स्क्रू नीट बसला, पण अँटेनाच्या मध्ये पिन नव्हती आणि सॉकेटमध्येही नव्हती. दोन्हीकडे भोकंच. वरून पाहिलं तर पक्की जोडणी, आतून काहीच जोडलेलं नाही. अँटेना लावण्याआधी तिच्या तोंडात एकदा डोकावा. पिन कुठल्यातरी एका बाजूला हवी. आणि अँटेना न लावता रिमोट चालू करू नका, काही ट्रान्समीटर त्याने खराब होतात.

२.४ गिगाहर्ट्झवाल्यांसाठी वेगळी सूचना. दुपारी रिकाम्या मैदानात रेंज मस्त येते. संध्याकाळी माणसं जमतात, प्रत्येकाच्या खिशात फोन असतो आणि त्याचं वायफाय-ब्लूटूथ याच पट्ट्यात बोलतं. शिवाय माणसाचं अंग म्हणजे पाणी, ते हा सिग्नल शोषतं. रिमोट आणि पेट्यांच्या मध्ये गर्दी येणार असेल तर रिमोटवाला गर्दीच्या वर उभा राहायला हवा किंवा पुढे. दुपारची रेंज गरजेच्या दुप्पट तरी असली पाहिजे. ती बघायची रीत सोपी आहे. मॉड्यूल जागेवर ठेवा, रिमोट घेऊन ठरलेल्या जागेपासून आणखी तितकंच मागे जा, आणि तिथूनही सगळी हजर दिसतात का ते पाहा.

बल्बांची रंगीत तालीम

आता नळ्या रिकाम्या असतानाच सगळा कार्यक्रम एकदा चालवायचा. प्रत्येक मॉड्यूलच्या दोन-तीन क्यूंना तारेचे छोटे बल्ब लावा. एलईडी नकोत. चाचणीच्या काही मिलिअँपियरमध्येच ती मिणमिणते आणि क्यू सुटल्याचा भास होतो, शिवाय उलटी लावली तर लागतच नाही. तारेचा बल्ब चाचणीच्या प्रवाहाला गार राहतो आणि खऱ्या प्रवाहाला पेटतो. कपॅसिटरवर चालणारी मॉड्यूल फार आखूड झटका देतात, तिथे बल्ब नुसता चमकून जाईल, म्हणून दोन माणसं बघायला हवीत.

एक माणूस वही वाचतो, एक दाबतो, एक मैदानात बघून ओरडतो. '३१ चा ४.' 'लागला.' हे कंटाळवाणं आहे आणि याच वेळी सगळं सापडतं. बल्ब लागला एवढं पुरत नाही. तोच लागला का आणि दुसरा कुठला लागला नाही ना, हे मैदानातल्या माणसाने सांगायचं.

तालीम संपली की मॉड्यूल बंद, कंट्रोलरची चावी बाहेर. आणि ती चावी रॅकपाशी जाणाऱ्या माणसाच्या खिशात. रिमोटवाल्याच्या नाही, टेबलावर नाही. तो माणूस मैदानातून परत येऊन स्वतःच्या हाताने चावी देईपर्यंत सिस्टीम जिवंत होऊ शकत नाही. कितीही घाई असली तरी यात तडजोड नाही.

इग्नायटर आणि वायर

इग्नायटर दोन जातींचे. ई-मॅचच्या टोकाला पेट घेणारं रसायन असतं, ती क्षणात भडकते. दुसऱ्या जातीत नुसती तार तापते आणि वातीला चिमटा लावल्यासारखी बसते. तिला पेटवायला सेकंदभर किंवा जास्त लागतो आणि प्रवाहही अधिक लागतो. दोघांना एका क्यूवर बांधू नका. ई-मॅचचं डोकं घासलं किंवा चेंगरलं तरी पेटू शकतं, म्हणून ती लावताना जोर नाही, आणि तोंड, हात, पोट नळीच्या तोंडावर कधीच नाही.

ई-मॅचच्या दोन्ही तारांची टोकं एकमेकांत पिळलेली असतात. स्थिर विजेपासून बचावासाठी ती टर्मिनलाला लावायच्या क्षणापर्यंत तशीच ठेवा. पण लावताना नीट सोडवा. अर्धवट पीळ उरला तर प्रवाह तिथूनच परत फिरतो, चाचणीत क्यू हिरवा दिसतो आणि रात्री काही होत नाही. मॉड्यूलची चाचणी फक्त 'रस्ता बंद नाही' एवढंच सांगते, रस्ता कुठून जातो ते सांगत नाही. चाचणी मॉड्यूलच्या स्वतःच्या सोयीनेच करा. साधा मल्टिमीटर किती प्रवाह सोडेल याचा भरवसा नसतो.

एका क्यूवर अनेक ई-मॅच लावायच्या तर एकाच बनावटीच्या, एकामागे एक. हिशेब करून बघू. एका ई-मॅचचा रोध सुमारे २ ओहम. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा मीटरला सुमारे ०.०८४ ओहम. पेटीपासून १० मीटरवर माल असेल तर जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे १.७ ओहम. पाच ई-मॅच एकामागे एक : १० अधिक १.७, एकूण ११.७ ओहम. १२ व्होल्टला साधारण १ अँपियर. कागदावर पुरतो. पण बॅटरी भाराखाली अर्धा-एक व्होल्ट खाली बसली, टर्मिनल जरा सैल असलं, तर पाचही एकदम पेटतील याची खात्री उरत नाही. मग तीनच लावा, किंवा जाड वायर, किंवा दुसरा क्यू. वेगवेगळ्या बनावटी मिसळल्या तर जी हळवी ती आधी पेटते, तिची तार तुटते आणि बाकीच्या तशाच राहतात. समांतर जोडणीत प्रत्येकीला वेगळा प्रवाह लागतो, आणि पाचांतली एक तुटलेली असली तरी चाचणी हिरवीच दिसते. मी ती टाळतो.

जोडणी चालू असताना वॉकी-टॉकी आणि फोन रॅकपासून लांब. आकाशात वीज दिसली किंवा गडगडलं तर हातातलं काम टाकून सगळ्यांनी बाहेर यायचं. पावसाची शक्यता असेल तर पेटीवर प्लॅस्टिकची पिशवी घाला, अँटेना आत राहिली तरी चालते, आणि तोंड खालच्या बाजूला ठेवा.

चालू, आर्म, आणि त्यानंतर

जोडणी झाली की माणसं मोजून बाहेर काढा. शेवटी एकजण मॉड्यूल चालू करत येतो, सगळ्यात लांबच्यापासून सुरुवात करून, आणि कुठल्याही नळीवर न वाकता. तो आला की चावी लागते, पण फक्त चाचणीच्या खुणेवर. पडदा आणि वही शेजारी धरा. जिथे माल जोडलाय तिथे हिरवं हवं हे सगळे बघतात. जिथे काही जोडलेलं नाही तिथे हिरवं नको, हे फार थोडे बघतात. रिकाम्या क्यूवर हिरवं दिसलं तर वायर एक घर सरकलीय, आणि मग त्या पुढची सगळीच सरकलेली असण्याची शक्यता मोठी.

काही लाल असेल तर चावी परत काढा, ती घेऊन जा, मॉड्यूल बंद करा, मग हात लावा. बदली पेटी लावायची वेळ आली तर ९१ चा नंबर बदलून ४१ करण्याआधी जुनी ४१ बंद केलीय आणि तिची बॅटरी काढलीय हे डोळ्यांनी पाहा.

आर्म, म्हणजे बटण दाबलं की क्यू खरोखर सुटेल अशी अवस्था, फक्त सुरुवातीच्या आधी. बोट दाबून धरल्याशिवाय काही सुटणार नाही असं बटण सिस्टीममध्ये असेल तर तेच वापरा. वाऱ्याची दिशा फिरली, कुणी आत शिरलं, नळी आडवी झाली, तर बोट उचललं की सगळं थांबतं.

एखादा क्यू गेला नाही तर तो पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. पुढे जा आणि वहीत गोल करा. कार्यक्रम संपल्यावर आर्म काढा, चावी खिशात, आणि किमान १५ मिनिटं मैदानात कुणी जायचं नाही. तुमच्याकडचा नियम जास्त सांगत असेल तर जास्त. नंतर टॉर्च घेऊन, बाजूने, गोल केलेल्या नळ्यांपासून सुरुवात. न गेलेला माल परवानाधारकच हाताळतो. आधी त्याची वायर मॉड्यूलपासून सोडवायची आणि टोकं परत पिळायची.

पेट्या आवरताना टर्मिनल कोरड्या कापडाने पुसून घ्या. धुराचा थर रात्रभर राहिला तर दवाने ओला होतो आणि तांबं हिरवं पडतं. चिकटपट्ट्या तिथेच ओढून काढा. पुढच्या कार्यक्रमाला मागचा नंबर कुणाच्या डोळ्याला दिसता कामा नये. आणि जादा मॉड्यूलची बॅटरी मी आता वेगळ्या पिशवीत घेऊन जातो. डिकीत ते नुसतं प्लॅस्टिकचं खोकं असतं.